एका कानाचा नकाशा

कागद ऑफिसच्या जुन्या खातेवहीतला,
आडव्या रेघा, उभा लाल समास.
ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या आकड्यांवर हिरव्या पेन्सिलीने खुणा केल्या.
निवृत्त झाले, म्हटलं, आता आपलं काही मोजू.

काय मोजावं?
समोरचे मोघे साखर मोजतात, बोट टोचून.
त्यांची सून पावलं मोजते, मनगटावर.
मी ठरवलं, लष्करात फिरताना
किती ठिकाणी मराठी कानावर पडते, ते.

दौलतगंजातून निघायचं, पाटणकर बाजार, मग बाडा,
नई सडकेने घरी.
ऐकलेल्या वाक्याला एक ठिपका.
रागावणं हळदीचं.
घासाघीस निळी.
देवाशी बोलणं शेंदरी.
फोनवरच्या बोलण्याला नुसतं पोकळ वर्तुळ,
कारण उरलेलं अर्धं पुण्यात ऐकू येत असतं.

"अगं, मी कधीचीच निकललेय," म्हणाली
चष्मेवाल्याची मुलगी.
अर्धा ठिपका. आक्षेप समासात नोंदवला.

कापडवाले रूपचंदानी म्हणतात,
"ताई, या झंपरला अस्तर लागेल हो,"
तो हो असा लांबवतात की माझी आईच बोलली.
त्यांना पूर्ण ठिपका, जरा ठळक.
सराफ्यात पोत ओवणाऱ्या शितोळेबाई
मणी मोजतात मराठीत,
पैसे सांगतात हिंदीत.
मोजणं सगळ्यात शेवटी सुटत असावं.

तीन महिन्यांत कागद भरला.
लांबून पाहिलं तर कुणी रांगोळी काढता काढता
दारावरची बेल वाजली म्हणून उठून गेलंय, असा.
रस्त्यांच्या उजव्या कडेला ठिपक्यांची झुंबड,
डावी कड कोरी.
मी कारणं शोधली. ती मला पटकन सापडतात.
डावीकडचे आंबेगावकर इंदूरला गेले,
फाटकांनी घर विकलं, तिथे आता मोबाइलची दुकानं,
असं बारीक अक्षरात लिहिलं,
आणि कोऱ्या जागेत मधोमध:
इथे आता कोणी नाही.
लिहून झाल्यावर डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला बोलू.

फोटो भाच्याला पाठवला. सारंग बडोद्यात
असलीच चित्रं काढायला शिकतो,
वीजबिलांची फुलं, बसच्या वेळांचे गालिचे.
त्याने विचारलं, "मावशी, प्रमाण काय?"
म्हटलं, एक इंच म्हणजे पन्नास पावलं, माझी.
"आणि मोजायचं यंत्र?"
कान.
"कुठला?"

डावा कान गालगुंडात गेला, मी सातवीत असताना.
इतकी वर्षं झाली की तो नाही हेही विसरले होते.
वर्गात पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसायचे,
लग्नात ह्यांच्या डावीकडे उभं राहायचं म्हणून धास्तावले होते,
आणि नकाशा काढताना नेमकं आठवलं नाही.
एकतीस वर्षं लोकांचे तराजू तपासले!

दुसऱ्या दिवशी उलटी निघाले.
आधी नई सडक, मग बाडा.
कोरी कड बोलायला लागली.
"कंपास वाटीत कोणी ठेवला?"
"बाबा, औषध घेतलं का, खरं सांगा."
वरच्या गॅलरीतून कुणीतरी कुणाला मूर्ख म्हणालं,
इतक्या प्रेमाने की रंगच ठरेना.
हळद आणि शेंदूर दोन्ही लावले.

आता दोन कागद आहेत.
एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरते,
ते जुळत नाहीत.
बुधवारची माणसं गुरुवारी त्याच जागी
तेच कशाला बोलतील?
सारंग म्हणतो, मशीनवर टाकून एक करून देतो.
नको म्हटलं.

खाडाखोड केली तर शेजारी सही करायची, हा आमचा नियम.
'इथे आता कोणी नाही' वर एक सरळ रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
आणि वर लिहिलं:
मला ऐकू आलं नाही.
सही. तारीख.

जीवाजीगंज अजून व्हायचंय.
हिरवी पेन्सिल करंगळीएवढी उरली आहे.